बसला वळायला जागा

नगरसेवक नंदलाल अजून उभाच होता आणि सभागृह हसत होते.

"मॉलले... म्हणजे मॉलला दहा साल घरपट्टी माफ केली तं," तो पुन्हा म्हणाला, "शहराचा विकास होईल."

"कसा होईल?" दुलीचंदने बसल्या जागेवरून विचारले.

नंदलालने हातातला कागद उलटून पाहिला. मागे काहीच लिहिलेले नव्हते. तो खाली बसला.

मग दुलीचंद उठला. बाजारात त्याचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान होते आणि त्याच वॉर्डातून तो नगर परिषदेवर निवडून आला होता. कोहमाऱ्याच्या रस्त्याला इंद्रकुमार बिल्डरचा मॉल झाला, वर त्याला करमाफीही मिळाली, तर आपल्या दुकानाला कुलूप लागणार हे त्याला पक्के ठाऊक होते. या विचाराने त्याची झोप उडाली होती. पण माझे दुकान वाचवा असे काही सभेत म्हणता येत नाही. म्हणून तो गरिबांबद्दल बोलला.

"बिल्डरचा टॅक्स सोडायला पैसा आहे, आणि दवनीवाड्याहून येणाऱ्या गरिबासाठी एक बस नाही? टॅक्स वसूल करा. त्याच पैशातून बस चालवा. विकास याला म्हणतात."

बाके वाजली. वासरात लंगडी गाय शहाणी, पण ते गायीला कोण सांगणार. माफीचा प्रस्ताव पडला, बसचा मंजूर झाला. मागच्या खुर्चीवर इंद्रकुमार रुमालाने कपाळ पुसत बसला होता.

"मग मला काम बंद करून तिरोड्याला जागा पाहावी लागेल," तो म्हणाला.

"खुशाल पाहा," दुलीचंद म्हणाला.

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारले, "बस कायले पाहिजे तुमाले? जिंदगीत कधी बसले का तुमी बसमंदी?"

"मी कशाला बसू? बस त्या लोकांसाठी असते, जमुना."

ते लोक म्हणजे त्याचे गिऱ्हाईक. लग्नसराईत खेड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे ऑटोत कोंबून बाजारात उतरत आणि त्याच्याकडे बस्ता बांधत. त्यांच्याच जिवावर तीन पिढ्या जेवल्या होत्या, तरी त्यांच्या घामाचा वास त्याला सहन होत नसे. नोटा हातात आल्या की वास जात असे.

त्याच आठवड्यात दवनीवाड्याची प्रेमिला पोरीच्या लग्नाचे कापड घ्यायला आली. तिच्याबरोबर सगळे घर होते.

"बस चालू होऊन राहिली म्हन्तेत, शेटजी," ती म्हणाली. "तुमच्या दुकानासमोरच थांबली तं लय बरं होईल. आमाले बसाले तुमची पायरी हायेच."

दुलीचंद कसनुसा हसला. आपल्या पायरीवर रोज बोचकी, रडकी पोरे आणि तंबाखूच्या पिंका, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या सभेत बसचा रस्ता ठरायचा होता. नंदलालने पुन्हा हात वर केला.

"बस बाजारातूनच यावी," तो म्हणाला. "दुकानदारांचा फायदा होईल."

"आता तुम्ही आम्हाला धंदा शिकवणार?" दुलीचंद म्हणाला. सभा हसली. "बाजारात बस घुसवली तर धूर कोण खाणार? दुकानापुढची घाण कोण उचलणार? बस बाहेरच्या रस्त्यानेच गेली पाहिजे."

"पण मग वळणार कुठे?" नंदलाल चाचरत म्हणाला. "बसला वळायला जागा तं लागेल ना."

दुलीचंदने मागच्या खुर्चीवरच्या इंद्रकुमारकडे पाहिले आणि त्याला ते सुचले. आपल्या हुशारीचे त्याला स्वतःलाच कौतुक वाटले.

"यांच्याकडे आहे की जागा. मॉल तर होत नाही, नुसते खांब उभे आहेत. त्या खांबांसमोर बसस्थानक करा. शहराला लुटायला निघाले होते, आता शहराला काही देऊन जाऊ द्या."

इंद्रकुमारने उठून हात जोडले. "शेटजी, माफी गेली, आता जमीनही घेता? थोडी तरी दया करा."

"दया मंदिरात मागा."

ठराव एकमताने झाला. नंदलालनेही हात वर केला. त्याला थोडी अक्कल आली असे दुलीचंद त्या दिवशी चार जणांजवळ बोलला.

बसला हिरवा झेंडा दुलीचंदनेच दाखवला. गळ्यात हार घालून तो त्या दिवशी बाजारभर फिरला. पुढे त्या खांबांवर मजले चढले, काचा बसल्या, दिवे लागले. "टॅक्स भरून किती दिवस टिकतो ते पाहू," दुलीचंद म्हणत राहिला.

लग्नसराई आली. गाद्या झटकल्या, थप्प्या लावल्या, आणि दुकान रिकामे राहिले. ऑटो येईनात. शेवटी एका दुपारी तो बाहेरच्या रस्त्याच्या नाक्यावर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये चढला. बस गच्च भरली होती.

"बसा, शेटजी," प्रेमिला उठून म्हणाली. "तुमच्याच किरपेनं चालू झाली बस. आता धाकट्या पोरीचा बस्ता घ्याले चाललो."

बस थेट काचेच्या दारासमोर थांबली. सगळी माणसे उतरली आणि सरळ आत गेली. मागून दुलीचंदही गेला. इंद्रकुमार स्वतः पुढे आला. नंदलाल त्याच्या बाजूला उभा होता.

"पूर्ण टॅक्स भरून परवडते तुला?" दुलीचंदने विचारले.

"टॅक्स तर मी पहिल्यापासून भरणारच होतो, शेटजी. मला बस पाहिजे होती," इंद्रकुमार म्हणाला आणि त्याने नंदलालच्या खांद्यावर हात ठेवला. "कशी मिळवायची ते यांनी सांगितले. म्हणाले, दुलीचंदसमोर हरायला फक्त एक माणूस द्या, बाकीचे तो स्वतःच करतो."