झडपेतला घास

अरे, ऐक ना! नारीन शहरातल्या बँकेसमोर कॅशव्हॅन उभी, आत एकटा पहारेकरी कुबान. जोडीदार नोटांच्या पिशव्या आणायला गेलेला. तो येईपर्यंत काहीही उघडलं की नोकरी गेलीच! तेवढ्यात काचेशी एक म्हातारबाबा आले, हातात नान. "बाळा, मुलगा जाऊन आज चाळीस दिवस झाले. त्याच्या नावानं एक घास घे." असा नान आपल्यात कुणी नाकारतं का? पण मागे लुटारू लपले असले तर? कुबाननं आतूनच हात जोडले. "आजोबा, जा ना, पाया पडतो!" बाबा हलेनातच. शेवटी कुबाननं गोळी झाडायच्या भोकाची झडप सरकवली, दुसऱ्या हातात पिस्तूल. आत आली बाबांची बोटं, नानचा तुकडा. कुबाननं तो तोंडात टाकला, तोच जोडीदार दाराशी! "झडप कुणी उघडली रे?" तोंडात मेलेल्याच्या नावाचा घास, खोटं कसं बोलायचं? तू काय केलं असतंस?