दोरा तोडण्याआधी

'सेव्ह म्हणजे संगणकाच्या स्मृतीत माहिती जतन करणे,' असं सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. अनसूयाबाईंच्या ते डोक्यावरून गेलं. त्यांनी आपलं एक ठरवून टाकलं, ओळ लिहून झाली की सेव्हचं बटण दाबायचं.

तरणे सर हसले. "काकू, सारखं सारखं कशाला? शेवटी एकदाच करा."

"दोरा तोडण्याआधी गाठ मारावीच लागते, सर. नाहीतर सगळं उसवतं. चाळीस वर्षं शिवतेय मी."

आज बचत गटाच्या बायका सरांचं बघून खराखुरा अर्ज टाइप करत होत्या. शाळेच्या गणवेशांचं काम हवं, तर तो पाचच्या आत ईमेलने जायला हवा होता. शेवटची ओळ उरली आणि वीज गेली.

आली तेव्हा पाचला दहा कमी होते. सरांचा पडदा कोरा, बाकीच्यांचेही कोरे. पानभर मजकूर आता पुन्हा कधी टाइप होणार? सरांचा चेहरा पडला.

अनसूयाबाईंनी शांतपणे फाइल उघडली. एक ओळ सोडली तर अख्खा अर्ज जागच्या जागी होता.

"तेवढी ओळ घाला आणि पाठवा," त्या म्हणाल्या. "मग फळ्यावरचं ते पुसा. मी सांगते तसं लिहा."