चिप काढलेला स्पीकर

गाण्याचे क्लास घेणाऱ्या त्र्यंबकबुवांनी दोन्ही स्पीकर ते विकणाऱ्या शलाकाच्या टेबलावर आदळले.

"स्वस्त म्हणून घेतले, तिथंच माती खाल्ली! क्लासमधली सगळी पोरं बेसूर ऐकू येतायत. माझा तंबोरासुद्धा!"

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या आठवड्यात परत आलेली ही सहावी जोडी.

"बुवा, बाजारातल्या प्रत्येक स्पीकरमध्ये सूर दुरुस्त करणारी चिप असते. मी ती काढून वेगळी विकते, म्हणून माझे स्वस्त पडतात. जे वाजतं, तेच ते ऐकवतात."

"मला अक्कल शिकवू नकोस! वीस वर्षं हा तंबोरा स्पीकरला जोडूनच वाजवतोय, खुंटी एकदाही पिळावी लागली नाही." बुवांनी सोबत आणलेला तंबोरा त्याच स्पीकरला जोडून छेडला. दुकानभर बेसूर आवाज घुमला. "ऐक तुझा माल!"

शलाकाने वायर खसकन उपटली आणि तारा स्वतः छेडल्या. तोच बेसूर आवाज आता थेट भोपळ्यातून आला.

"बोला ना आता! यात माझा स्पीकर कुठाय?"

बुवांनी घाईघाईने खुंटीला हात घातला. पण ती कुठल्या बाजूला पिळायची, हेच त्यांना आठवेना.