बिनफट खिडकी

सतरंजी बाहेर गेली, जाड पडदे गेले, डासांच्या अगरबत्त्या गेल्या. कपाटामागची काळी बुरशी सुनेने खरवडून काढली. आता राहिली होती फक्त मागच्या खोलीची खिडकी, आणि ती काही केल्या उघडत नव्हती.

ती सासऱ्यांनी बंद केली होती. सासरे सुतार. त्यांनी बसवलेल्या दारात कागदसुद्धा सरकायचा नाही, म्हणून सगळे त्यांना 'बिनफट' म्हणत आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. धंद्याच्या सुरुवातीला, हाताखाली माणूस ठेवणं परवडत नव्हतं त्या दिवसांत, मागच्या रस्त्याने मालट्रक जायचे. धूळ आत यायची. म्हणून त्यांनी खिडकीचे दोन्ही पल्ले चौकटीत घट्ट बसवून स्क्रू पिळून पक्के केले. स्क्रूच्या डोक्यांवर पुट्टी, पुट्टीवर रंग. गिऱ्हाईक घरी आलं की अजूनही त्याला आधी खिडकी दाखवली जायची, मग चहा मिळायचा.

पण त्या खोलीत चार वर्षांची नात झोपायची आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं, घरात ओल आहे, हवा खेळू द्या, नाहीतर औषधं वाढतच जातील.

सुनेने जेवताना विषय काढला. सासरे म्हणाले, धुळीने पोरीला जास्त त्रास होईल. सून म्हणाली, ट्रक कधीच बाहेरच्या रस्त्याने जायला लागले, आता धूळ कुठली? यावर सासऱ्यांनी ताटात लक्ष घातलं. नवऱ्याने ते आधीच घातलेलं होतं.

"हे म्हणतात ते बरोबर आहे," सासूबाई नेहमीसारख्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून खोकल्या. घशात काहीतरी अडकलंय, असं त्या म्हणायच्या. ते काहीतरी कित्येक वर्षं तिथेच होतं.

सुनेचं डोकं फिरलं आणि ते फिरायलाच हवं होतं. तिने स्क्रू-ड्रायव्हर आणून चौकट खरवडायला सुरुवात केली. इथे ओरखडा, तिथे ओरखडा, स्क्रू एक सापडेल तर शपथ. सासरे दारात उभे राहून बघत होते. त्यांना मजा वाटत होती.

"शोध," ते म्हणाले. "कुठे बसवलेत ते फक्त मला ठाऊक."

"मग हातोडा आणते, बाबा."

"भिंत फुटेल."

"फुटू दे. भिंतीला दम लागत नाही."

हातोडा तिने खरंच आणला. सासूबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला, असली थेरं या घरात चालायची नाहीत म्हणून सुनावलं, आणि आत नेऊन ठेवला. सुनेला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका सासऱ्यांचाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला धाप लागली. सासरे कारखान्यात गेले होते. नवऱ्याला कामावर उशिरा जायचं होतं, त्याची आंघोळही व्हायची होती. सून एकटीच तिला उचलून दवाखान्यात धावली. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे धाप कमी झाली.

ती परत आली तर मागची खोली उजेडाने भरली होती. दोन्ही पल्ले सताड उघडे. स्क्रू खिडकीत ओळीने मांडलेले. नवरा कामावर निघून गेला होता. गरीब गाईला शेवटी शिंगं फुटली म्हणायची, तिला वाटलं. पोर त्या वाऱ्यात झोपली ती संध्याकाळ झाली तरी उठली नाही.

रात्रीच्या जेवणाआधी सासरे आले, नवरा आला. सासरे खिडकीसमोर उभे राहिले.

"कुणी उघडली?"

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत सून पुढे झाली. त्याला एकट्याला सापडू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"मी. बंद केलीत तर परत उघडीन. रोज बंद करा, रोज उघडीन."

सासरे रागावले नाहीत. ते चौकटीवरून बोटं फिरवत होते.

"तू नाही उघडलीस," ते म्हणाले. "तुझे ओरखडे हे, सगळे भलतीकडे. आणि हे बघ. जिथे स्क्रू, नेमकं तिथेच कोरलंय. बाजूला एक टवकासुद्धा नाही." ते मुलाकडे वळले. "तू?"

मुलाने मान हलवली. त्याचा चेहराच सांगत होता की तो नव्हे. सून त्याच्याकडे बघतच राहिली.

"मग कुणाला ठाऊक असणार?" सासरे म्हणाले. "हे काम मी एकट्याने केलेलं."

सासूबाई तिथेच दारापाशी बसून कणीक मळत होत्या. त्यांनी हात पुसले, झोपलेल्या नातीच्या छातीवर क्षणभर ठेवले आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"एकट्याने? तुम्ही नुसते पल्ले दाबून धरले होते," त्या म्हणाल्या. "स्क्रू मी पिळले होते."