गाल टेकायची पट्टी

प्रल्हादने दुर्बिणीचा शेवटचा स्क्रू आवळला आणि रायफल गॅरेजमधल्या टेबलावर आडवी ठेवली. वर्षभराचं काम संपलं होतं. आता दुर्बिणीला डोळा लावायचा तेवढा राहिला होता, आणि तेवढ्याचाच धीर होत नव्हता.

अमेरिकेतल्या कॅरी गावातली बाकीची निवृत्त मंडळी गोल्फ शिकतात, टोमॅटो लावतात. प्रल्हादने लिलावातून पासष्टच्या लढाईच्या काळातली एक मेलेली रायफल आणली. लांबून नेम धरून माणूस टिपणाऱ्या शिपायाची. नळीत लोखंड ओतून तिची वाचा कायमची बंद केलेली, दुर्बीण गायब, लाकडावर हिरव्या रंगाचे थरावर थर. दस्त्यावर पाकिस्तानी फौजेचा शिक्का होता. तो पाहूनच त्याने ती घेतली. विकणारा म्हणाला होता, लढाईत बंदुका या हातातून त्या हातात जातात, शिक्क्यावर फार जाऊ नका. प्रल्हादने ते कानाआड केलं.

रायफल घरात आली त्या दिवशी नीला ताटावरून उठून गेली. नवऱ्याला ती ओळखून होती.

प्रल्हादचे वडील पासष्टच्या लढाईत गेले, तेव्हा तो आईच्या पोटात होता. वडील पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होते. आई सांगायची, त्यांनी जन्मात पळीखेरीज काही हातात धरलं नाही. चहाची किटली घेऊन खंदकाकडे निघाले होते, आणि लांबून एक गोळी आली. बस, एवढंच. प्रल्हादने वडिलांचा आवाज ऐकला नव्हता, पण ती किटली त्याला साठीतही स्वप्नात दिसायची.

त्याचा प्रश्न एकच होता. गोळी झाडणाऱ्याला ती किटली दिसली होती का? दिसली नसेल, तर लढाई म्हणून सोडून देता आलं असतं. दिसली असेल, तर मात्र त्याला क्षमा नव्हती.

त्या माणसाला काय दिसलं ते स्वतः बघायचं, म्हणून रायफल होती तश्शीच व्हायला हवी होती. ओहायोतल्या एका संग्राहकाकडून त्याने त्याच जातीची जुनी दुर्बीण मिळवली. रंग हाताने खरवडला, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. नेम धरताना गाल टेकायला दस्त्यावर एक लाकडी पट्टी होती, ती तेवढी त्याने उघडली नाही. मूळचीच होती, पक्की होती, आणि तिचे स्क्रू रंगात पार बुजले होते.

शेवटी त्याने त्या पट्टीवर गाल टेकवला आणि डोळा लावला.

गॅरेजच्या मागच्या दारातून अंगण दिसत होतं. तेवढ्यात नीला तुळशीला पाणी घालायला आली. तिच्या हातातली झारी दिसली. झारीच्या तोंडातून पडणारं पाणी दिसलं. तिच्या नाकातली चमकीसुद्धा दिसली. प्रल्हाद चटका बसल्यासारखा मागे झाला. त्या पट्टीवर टेकलेला गाल त्याने बाहीने पुसला, पुन्हा पुसला.

तो बाहेर अंगणात आला. नीलाने झारी खाली ठेवली.

"दिसते गं," तो म्हणाला. "किटली दिसते. त्याने बघितली होती."

नीलाने त्याला पायरीवर बसवलं. ती म्हणाली, "मग झालं ना बघून? आता ती बंदूक या घरातून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्यासाठी मुलगी स्वानंदी मुद्दाम घरी आली होती. ड्रिल मशीन, पाने, लॅपटॉप, गाडीची किल्ली, सगळं टेबलावर मांडलं होतं. त्यांच्याकडे कुंकू नेहमी न दिसणाऱ्या बाजूला लावत. वडिलांचीच ती पद्धत, म्हणे तपासणीत साहेबाच्या नजरेला पडू नये म्हणून. वडिलांच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, त्यामुळे त्यांचं कुंकू मधोमध चिरलेलं उमटायचं. आईने प्रल्हादलाही तसंच शिकवलं. आधी अंगठा टेकवायचा, मग नखाने मधे रेघ ओढायची. त्याला वडिलांकडून तेवढंच मिळालं होतं.

"लिटरली कॉफी बीन दिसतं, बाबा," स्वानंदी दरवर्षीप्रमाणे म्हणाली.

रायफल कोपऱ्यात उभी होती. नीलाने ती उचलून टेबलावर आणून ठेवली.

"हिला नाही," प्रल्हाद म्हणाला.

"आजच्या दिवशी घरातलं हत्यार तसंच ठेवत नाहीत. उद्या खुशाल देऊन टाक कुणाला."

"त्या माणसाच्या बंदुकीला मी कुंकू लावू?"

"माणसाला नको लावू. लाकडाला लाव."

नीलाशी वाद घालून तो आजवर कधी जिंकला नव्हता. शिवाय बंदूक कायमची जाणार होती, तर एवढं करून जाऊ दे, असं त्यालाही वाटलं. पण लावायचं कुठे? सगळी बंदूक त्याने घासूनपुसून उजेडात आणली होती. झाकलेली जागा एकच उरली होती. स्वानंदीनेच ती दाखवली.

प्रल्हादने टोच्याने स्क्रूंच्या खाचांतला रंग उकरला. स्क्रू कुरकुरत फिरले. गाल टेकायची पट्टी त्याने अलगद उचलून बाजूला ठेवली, अंगठा कुंकवात बुडवला आणि दस्त्यावर वाकला.

अंगठा तसाच अधांतरी राहिला.

स्वानंदीने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि हसली. "अरे बाबा, तू ऑलरेडी लावलंयस की इथे. कॉफी बीन."