आग्नेयेची चूल

निपाणी–बेळगाव रस्त्यावर वीस वर्षे सर्व्हिस मोटर हाकून थकलेल्या केदारीला मालकाने अखेरीस ती जुनी मोटरच देऊन टाकली होती. तिच्यातच बिऱ्हाड मांडून सपत्नीक काशीला जावे, हा त्याचा संकल्प. बाके काढलेल्या मोकळ्या तळावर तो खडूने घर आखीत होता : आग्नेयेला चूल, ईशान्येला देव, दक्षिणेला उशी.

त्याची बायको चंपाबाई हसली. "अवो, वाटंत गाडी वळली की देव कुठल्या दिशेला जातील?"

केदारीचा हात थांबला. "वळायची न्हाय गं ती आता. काल मालकानं इंजिन काढून नेलं, दुसऱ्या गाडीला."



"मग चूल जरा मोठी आखा," असे म्हणून चंपाबाईने गंगाजलासाठी घेतलेला नवा तांब्या पिण्याच्या पाण्याला लावला.