कॅमेरा चेक

मयूर जुना फोन बघायला मोहने गावात परशुरामकाकांच्या घरी गेलेला. काका प्रामाणिकपणे म्हणाले, "फोटो धूसर येतात रे, म्हणूनच स्वस्तात विकायला काढलाय."

खात्री करायला मयूरने काकांच्या आईला, ठमाबाईंना, दारात उभं केलं. "थांब रे पोरा, लुगडं बदलते," म्हणत त्या आत गेल्या आणि सुना, नातवंडं, शेजारीण अशा सगळ्यांना नटवून घेऊन आल्या. मयूरने सगळ्यांचे फोटो काढले. एकूण एक फोटो लख्ख! खूश होऊन त्याने पैसे काढले, पण फोटो बघायला घरभर फिरणारा फोन काही त्याच्या हातात परत येईना. शेवटी काका म्हणाले,



"फोन आम्ही ठेवतो रे. रविवारी नातीचं बारसं आहे, फोटो काढायला तेवढा तू ये."